ऐकू आलेले आणि मोजलेले

गेल्या पावसाळ्यात वीज कोसळली आणि आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाचा प्रोसेसर जळाला. नवा घ्यायचा तर कोणता, हे ठरवण्याचे काम मराठी विभागातल्या आम्हा दोघांकडे आले. चित्रपट निवडणारे आम्ही, म्हणून यंत्रही आम्हीच निवडावे, असा त्यामागचा साधा तर्क होता. पुण्याच्या एका विक्रेत्याने दोन यंत्रे आठवडाभरासाठी दिली. त्यांतले एक दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट किमतीचे होते. दोन संध्याकाळी आम्ही ती आलटूनपालटून ऐकली आणि व्यवस्थापनाला अभिप्राय लिहून दिला: महागड्या यंत्राचा ध्वनी अधिक ऊबदार व पारदर्शी असून संवादांना विलक्षण खोली लाभते. वाक्य आम्हाला आवडलेही होते.

बैठकीत पदार्थविज्ञानाच्या सरांनी हरकत घेतली. दोन्ही यंत्रांची प्रसिद्ध झालेली मोजमापे त्यांनी वाचली होती. हा फरक कानापर्यंत पोचायला वाटच नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, "सर, मात्रा मोजून कविता कळत नाही." सगळे हसले. सर हसले नाहीत. पुढचे पंधरा दिवस ते आमच्याबरोबर चहाला आले नाहीत. वीस वर्षांच्या शेजाराला एका टाळीच्या वाक्याने तडा गेला आणि त्याची बोच आम्हाला जरा उशिराच जाणवली.

होम थिएटरचा प्रोसेसर काय करतो, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. चकतीवरून किंवा फाइलमधून आलेला अंकरूप ध्वनी तो उलगडतो. संवाद मधल्या स्पीकरला, संगीत डाव्या-उजव्याला, खर्जातला गडगडाट सबवूफरला अशी वाटणी करतो. दूरच्या आणि जवळच्या स्पीकरचे आवाज एकाच वेळी पोचावेत म्हणून जवळच्याला किंचित थांबवतो आणि शेवटी अंकांचे विद्युतलहरींत रूपांतर करून त्या ॲम्प्लिफायरकडे धाडतो. या प्रवासात मूळ ध्वनीत यंत्राची जी भेसळ होते (थोडी खरखर, थोडी विकृती), ती डेसिबलमध्ये मोजता येते. स्वस्त यंत्रात ती मूळ आवाजाच्या ८२ डेसिबल खाली होती, महागड्यात १०२. म्हणजे एकात सुमारे साडेबारा हजारांत एक भाग, तर दुसऱ्यात सव्वा लाखांत एक. कागदावर दसपट फरक! आमच्या अभिप्रायाला यापेक्षा भक्कम पुरावा कोणता हवा होता?

सरांनी मात्र याच आकड्यांवरून उलटा निष्कर्ष काढला होता. आमच्या दालनात रात्री पंखे बंद असतानाही ४० डेसिबलच्या आसपास गुणगुण असते. चित्रपटातला मोठ्यात मोठा आवाज ९५ पर्यंत जातो. त्याच्या ८२ खाली म्हणजे १३. चाळीसच्या गुणगुणीखाली हे तेरा गाडलेले असणार, आणि तेही मोठा आवाज चालू असताना, म्हणजे कान आधीच भरलेला असताना. महागड्या यंत्रातली भेसळ तर शून्याच्याही खाली जाते. न ऐकू येणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीपेक्षा दहा पटींनी अधिक ऐकू येत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे होते. बैठकीत आम्ही त्यांना इथवर येऊ दिले नव्हते.

चाचणीची सूचना शेवटी त्यांनीच केली. यंत्रे पडद्यामागे ठेवायची, कोणते चालू आहे ते ऐकणाऱ्याला सांगायचे नाही, प्रत्येकाने सोळा वेळा ओळखायचे. सोळांत बारा बरोबर आले तर निव्वळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून बाराची मर्यादा. आम्हाला ही कल्पना अपमानास्पद वाटली. मग आठवले की आम्ही जिच्या जिवावर समीक्षा शिकवतो ती परंपरा अशाच एका चाचणीतून आली आहे. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या आणि आलेल्या अभिप्रायांवर १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतल्या तेरा कवितांत डनचे सुनीत होते, लॉरेन्सची 'पियानो' होती. दोहोंच्या वाट्याला पसंतीपेक्षा नापसंतीच अधिक आली. हे आम्ही दरवर्षी वर्गात रंगवून सांगतो आणि त्या विद्यार्थ्यांना हसतो.

चाचणीआधी सरांनी स्पीकरच्या तारांवर व्होल्टमापक लावला. महागडे यंत्र ०.८ डेसिबलने मोठे वाजत होते! व्होल्टमध्ये साधारण दहा टक्के. एवढा फरक 'मोठा' म्हणून जाणवत नाही; तो 'चांगला' म्हणून जाणवतो. आवाज वाढला की कानाला खर्ज अधिक भरीव लागतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. आमची ऊब बहुधा तिथून आली होती. खोलीचे काय, ते आजही सांगता येत नाही.

आवाज बरोबरीला आणल्यावर अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'तला पाऊस लावला. पावसाच्या आवाजात खालपासून वरपर्यंत सगळ्या कंप्रता असतात, त्यामुळे यंत्राचा रंग त्यात लवकर उघडा पडतो, असे सर म्हणाले. पहिली चार उत्तरे आम्ही ठणकावून दिली. सातव्या-आठव्यानंतर मात्र आमच्यापैकी एकीने डोळे मिटून हळूच कबूल केले, "मी अंदाज करतेय." सोळांपैकी तिची नऊ बरोबर आली, दुसऱ्याची सात. नाणे उडवले असते तर याहून वेगळे काही झाले नसते.

आमच्यापेक्षा तयार कानांचेही असे झालेले आहे, हे नंतर वाचले. मायर आणि मोरान यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत साध्या सीडीच्या दर्जाचा अडसर घालून ५५४ वेळा श्रोत्यांना फरक विचारला. २७६ उत्तरे बरोबर आली. मात्र म्हणून 'मोजमाप जिंकले, कान हरला' असे म्हणण्याची घाई करू नये. १९७०च्या दशकात काही ॲम्प्लिफायर कागदावर निर्दोष असूनही कानाला बोचतात, अशी तक्रार होती. फिनलंडचे मट्टी ओटाला यांनी दाखवले की तोवरची मोजणी संथ, स्थिर सुरांवर होत असे, आणि आवाज झपकन बदलतो तेव्हा होणारी विकृती तिच्यातून निसटत होती. या विकृतीला किती महत्त्व द्यावे यावर पुढे बरेच वाद झाले. पण तक्रार कानाची होती आणि तिचे निवारण नव्या मोजणीने झाले, एवढे त्यातून खरेच. स्पीकरच्या बाबतीत तर शॉन ऑलिव्ह यांनी २००४ साली सत्तर स्पीकरांची निव्वळ मोजमापे घेऊन श्रोत्यांची पसंती वर्तवून दाखवली. वर्तवलेले आणि प्रत्यक्षातले यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. आमच्या विद्यापीठातल्या दोन परीक्षकांचे गुण एकमेकांशी इतके जुळत असतील काय, याविषयी आम्हाला शंका आहे.

आता त्या मात्रांविषयी. माधव जूलियनांची 'छंदोरचना' आम्ही दोघांनीही एम.ए.ला घासून वाचली होती, तेव्हा बैठकीत ते वाक्य आम्ही तरी बोलायला नको होते. मात्रा मोजून कवितेची थोरवी कळत नाही, हे खरे. पण ओळ कुठे अडखळते ते नेमके कळते. आणि प्रोसेसर हा कवी नव्हेच. तो खिळे जुळवणारा जुळारी आहे. त्याने स्वतःचे काही न घालता लिहिलेले तेवढे उतरवावे, हेच त्याचे काम. जुळाऱ्याच्या चुका मोजता येतात. त्याच्या कामात आम्ही प्रतिभा शोधत बसलो होतो.

चाचणी संपली असे वाटले तेव्हा सरांनी दोन्ही यंत्रांतली खोलीदुरुस्तीची सोय चालू केली. आमचे दालन सोळा फूट रुंद आहे. भिंतींमधल्या स्थिर लहरींच्या हिशेबाने ७० हर्ट्झच्या आसपासचा खर्ज बरोबर मध्ये, म्हणजे आम्ही बसतो तिथे, फुगतो. मायक्रोफोन ठेवला तर आलेखावर तिथे अकरा डेसिबलचा उंचवटा दिसला. स्वस्त यंत्राची दुरुस्ती खर्जाला जेमतेम हात लावत होती. महागड्याने तो उंचवटा जवळपास सपाट केला. या खेपेस पडद्यामागून सोळाच्या सोळा बरोबर आली, दोघांचीही. ढोलाच्या घुमाऱ्याखाली दबणारे शब्द सुटे झाले होते.

म्हणजे यंत्र आम्ही बरोबर निवडले होते, आणि कारण साफ चुकीचे दिले होते. आमच्या अभिप्रायाच्या वेळी तर ही सोय बंदच होती. गणिताच्या उत्तरपत्रिकेत अशा उत्तराचे गुण कापतात. आमच्या विषयात काय करतात? 'आशयघन', 'चिंतनशील', 'तरल' असे शेरे आम्ही वीस वर्षे लिहीत आलो आहोत. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकलेले असते, हे आमचे समाधान. अक्षर झाकलेले नसते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या फेरतपासणीत आमच्या आणि दुसऱ्या परीक्षकाच्या गुणांत चौदांचा फरक पडला होता. त्या पेपरावर आम्ही 'मांडणीत खोली नाही' असे लिहिले होते. तोच शब्द. ती मुलगी पुढे एम.ए.ला आली नाही. त्या शेऱ्यामुळेच आली नाही असे म्हणवत नाही, आणि तसे नसेलच असेही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही अभिप्राय परत मागून घेतला. नव्या पत्रात दोनच वाक्ये आहेत: एकात ७० हर्ट्झचा उंचवटा, दुसऱ्यात दोन्ही चाचण्यांचे निकाल. सरांनी तिसरे सुचवले. स्वस्त यंत्र घेऊन उरलेल्या पैशांत कोपऱ्यांतून रॉकवूलचे जाड थर बसवले, तर तोच उंचवटा बराच खाली येईल आणि पुढचा प्रोसेसर जळला तरी थर राहतील. पत्रावर आता तिघांच्या सह्या आहेत. थर येत्या सुट्टीत बसायचे आहेत. माप घ्यायला सर शनिवारी येणार आहेत, चहाच्या वेळेला.