आठवा नंबर

गेल्या वर्षी नव्हे, २०२४ सालची गोष्ट. ८ सप्टेंबर, रविवार. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती; संध्याकाळी विसर्जन होतं. दुपारी जेवणं आटोपून आम्ही पॅरिस पॅरालिम्पिकची शर्यत बघायला बसलो, कारण प्राची यादव उतरणार होती.

प्राची ग्वाल्हेरची. जन्मापासून पायांत बळ नाही. आधी पोहायची, मग प्रशिक्षकांच्या सल्ल्याने वल्हं हाती घेतलं आणि आपल्या भोपाळच्या छोट्या तलावात सराव केला. टोकियोत ती भारताची पहिली पॅराकनूपटू होती. पॅरिसला या खेळात आपले तिघे होते: प्राची, पूजा ओझा आणि यश कुमार.

अंतिम फेरी, २०० मीटर, आठ होड्या. एका मिनिटाच्या थोडं वर, की संपलं. प्राची आठवी आली.

मी पटकन बोलून गेलो, "म्हणजे शेवटचीच की."

लेक उठून आत गेली. विसर्जनाहून परतताना हळूच म्हणाली, "बाबा, शाळेच्या पोहण्याच्या स्पर्धेत मीपण फायनलला आठवी आले. म्हणून सांगितलं नाही."

मला काही सुचेना. टोकियोतही आठवी आलेल्या याच प्राचीने २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत सुवर्ण जिंकलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं.

"एकूण किती जणी होत्या गं?" मी विचारलं.

"बावीस," ती म्हणाली. मग पहिल्यापासून सगळी शर्यत सांगू लागली.