वावरातला ससा आणि पिंजऱ्यातला ससा

अश्विन पौर्णिमेला आम्ही मावशीच्या गावी गेलो होतो. पांढरकवड्याला एस.टी.तून उतरायचे आणि पुढे ऑटोने जायचे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटीची बोंडे फुटू लागलेली, सोयाबीनची सोंगणी जोरात. टिपेश्वरचे अभयारण्य तिथून जवळ. लोक ते वाघांसाठी ओळखतात, आमच्या मुलांनाही वाघच बघायचा होता. बघायला मिळाला तो ससा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही वावरात गेलो. सोंगता सोंगता एका बाईचा विळा थांबला. पुढ्यात मुठीएवढे पिलू! मातीच्या रंगाचे, अंगभर केस, डोळे टक्क उघडे, आणि जरासुद्धा हालचाल नाही. आमच्या धाकट्याने ते उचलून पोटाशी धरले. मावशीच्या अंगणात पिंजऱ्यात पांढऱ्या सशांची जोडी आहे. त्यांच्यात हे सोडू, ती सशीण याला दूध पाजेल, असा त्याचा बेत.

मावशी म्हणाली, "अरे बाप्पा, तो ससा निराळा अन् हा निराळा. ठेव त्याले होता तिथं."

आपण मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. पिंजऱ्यातला पांढरा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, माणसाने माणसाळवलेला. तो बिळात राहणारा. मावशीच्या जोडीने एकदा न्हाणीच्या भिंतीखाली असे भोक पाडले की भिंतच खचली. त्याची पिले उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली जन्मतात; बिळाच्या उबेशिवाय ती जगत नाहीत. आपला रानससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो. त्याची पिले उघड्यावरच जन्मतात, म्हणून निसर्गाने त्यांना केस आणि उघडे डोळे देऊनच पाठवले आहे. त्याचे कान लांब, मागचे पाय लांब. जीवावर बेतले की हा बिळाकडे नाही, मोकळ्या रानात वेडावाकडा पळत सुटतो. दोघांचा संकरही होत नाही. आणि हो, दोघेही उंदराच्या जातीचे नव्हेत. सशाच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी दोन बारके दात असतात.

सशीण दिवसा पिलाजवळ बसत नाही. बसली तर कोल्ह्या-कुत्र्याला पत्ता लागेल. अंधार पडल्यावर येऊन पाजते आणि निघून जाते. म्हणून एकटे दिसलेले पिलू पोरके असतेच असे नाही.

हे आम्हाला लहानपणी कोणी सांगितले नव्हते. तेव्हा आम्हीही असेच एक पिलू घरी आणले होते. टोपलीत चिंध्या घातल्या, कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजले. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्याची आई रोज रात्री धुऱ्यावर येऊन बघत असेल, असे तेव्हा मनातही आले नाही. आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे रानससा मारणे, धरणे गुन्हा आहे, तरी वाघूर लावणारे आणि रात्री बॅटरीच्या झोतात त्याला दिपवणारे अजून आहेत.

आदल्या रात्री मावशीने मुलांना चंद्रावरच्या सशाची जातककथा सांगितली होती. दारी आलेल्या याचकाला द्यायला गवताशिवाय काही नाही, म्हणून तो ससा स्वतःच आगीत उडी घेतो. आग त्याला जाळत नाही, आणि शक्र त्याचे चित्र चंद्रावर काढतो. धाकट्याच्या पुस्तकात तो पांढराशुभ्र काढला आहे. खरे तर तो रानात राहून गवत खाणारा, म्हणजे हाच मातकट. आपल्या रानात पांढरा ससा होताच कुठे?

हे सांगितल्यावर धाकट्याची मूठ जरा सैल झाली. सोयाबीन तर सोंगून झाले होते, आडोसा उरला नव्हता. बायांनी कडेच्या दोन ओळी तशाच उभ्या ठेवल्या. त्यांच्या बुडाशी, धुऱ्याच्या गवताला लागून, पिलू ठेवले. मावशीने गावातली कुत्री तिकडे फिरकू नयेत म्हणून दिवस मावळेपर्यंत राखण केली आणि मग मुद्दाम सगळ्यांना घरी पिटाळले. धाकटा जेवला नाही. चांदणे लख्ख पडले होते.

पहाटे जाऊन पाहिले तर पिलू नव्हते. गवत दबलेले, बाजूला चार-दोन गोल लेंड्या. रक्त नाही, केस उपटलेले नाहीत. "तिनं नेलं का?" धाकट्याने विचारले. मावशी म्हणाली, "नेलं असंल, नाहीतर आपल्या पायानं गेलं असंल." आणि तिने त्या दोन ओळी सोंगायला घेतल्या.