सेमाडोहचा नाका आणि लिनक्सची चाबी

सेमाडोह म्हटलं की तुम्हाला सिपना नदी आणि वाघ आठवतील. मला मात्र मामांचा फेडोरावाला लॅपटॉप आठवतो!

पेटंटच्या भानगडीमुळे फेडोरा काही व्हिडिओ कोडेक स्वतः देत नाही. ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रिपॉझिटरीतून घ्यावे लागतात. लिव्हना, ड्रिबल आणि फ्रेशआरपीएम्स एकत्र येऊन 2008 मध्ये ती सुरू झाली. मी कोडेक टाकायला घेतला, तर मामा म्हणाले, "हे चाबीचं काय पुसून राह्यलं वं पोरी?"

मी कॉन्व्हेंटवाली, 'डिजिटल सिग्नेचर'ला मराठी शब्दच सुचेना. शेवटी म्हटलं, "मामा, जंगलाच्या नाक्यावर पावती बघतात ना, तसं. पॅकेजवरची सही चाबीशी जुळली तरच आत."

"अन् पावती देणाराच चोर असन तं?"

प्रश्न बिनतोड! सही पाठवणारा कोण ते सांगते, तो भला आहे असं नाही. आणि पॅकेज बसतं रूटच्या अधिकाराने, म्हणजे अख्खं घरच त्याच्या हाती. म्हणून मित्रांनो, रिपॉझिटरी कोण चालवतं ते पाहा, चाबीचा फिंगरप्रिंट अधिकृत पानाशी ताडून घ्या, जीपीजीचेक बंद करू नका. दुसऱ्याचं मशीन लावून देताना आपण त्याच्या वतीने विश्वास ठेवत असतो. तेवढी जबाबदारी घ्यायलाच हवी, नाही का?