सात दाण्यांची उचल

माझी समजूत पक्की होती: आपल्या त्या पुराणकथा, इतरांच्या त्या भाकडकथा. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड दगडाचं झालं, ही कथा अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातल्या दगडी हत्तींकडे बोट दाखवून मी कितीतरी पाहुण्यांना सांगितली आहे. तिला ‘साहित्य’ म्हणणं मला देवीचा कमीपणा वाटे.

अकरावीची अवांतर वाचनाची तासिका माझ्याकडे आली, तेव्हा नाइलाजानं मी ग्रीकांच्या डिमीटरची कथा वाचून दाखवली. पाताळाच्या राजानं पळवलेली लेक, तिच्या शोधात रानोमाळ भटकणारी धान्याची देवी, ओस पडलेली शेतं. लेक सुटणार, पण तिनं पाताळातल्या डाळिंबाचे दाणे खाल्लेले. रोमन कवी ओव्हिडनं ते सात सांगितले आहेत. तेवढ्यासाठी तिला दरवर्षी सहा महिने खाली जावं लागतं.

मी पुस्तक मिटत होतो. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, दाणे म्हणजे उचल.”

“म्हणजे?”

“मुकादमाची उचल खाल्ली की जावंच लागतं ना. आमच्यात फक्त उलटं. माय जाते, लेक राहते.”

वर्ग गप्प झाला. किती जणांचे आईबाप मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेऊन दिवाळीनंतर ऊस तोडायला, कोयत्यावर जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात, हे मला ठाऊक होतं. तरी याच मुलीला मी दोनदा विचारलं होतं, पालकसभेला आई का येत नाही? आणि आता काय म्हणालो? “बस खाली, परीक्षेत हे विचारत नाहीत.”

रात्री जेवण गेलं नाही. २६ वर्षं मी रूपक अलंकार शिकवतोय. इतकं अस्सल रूपक एका पोरीनं समोर ठेवलं आणि मी तिला खाली बसवलं. खरं तर मी घाबरलो होतो. परक्या देवीला पोरं आपल्या घरचे प्रश्न विचारू लागली, तर उद्या योगेश्वरीलाही विचारतील.

पुढच्या तासाला मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली आणि योगेश्वरीची कथा सांगितली. तिनंच विचारलं, “मुहूर्त टळल्यावर नवरीला कसं वाटलं असेल?” मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी देवळात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला तिथे लग्न मोडलेली एक मुलगी दिसली, आणि हात आपोआप जोडले गेले.

आमच्या बीड जिल्ह्यात शिकवणाऱ्यांना एकच विनंती. डिमीटरची कथा दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. पोरं घरी जाऊन ती सांगतील, तेव्हा आया अजून गावात असतात.