मात्रेचा हिशेब

वाराणसी हे नाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या तीन स्वरांसाठी एकच अक्षर तीनदा योजावे लागते. त्यांतील दोन स्वर दीर्घ आणि एक ऱ्हस्व आहे, हे कागदावरून कळत नाही. ज्याने नाव ऐकले असेल त्यालाच ते कळते. गंगेचा घाट आणि गंगाजळाने भरलेला घट यांचेही रोमन रूप एकच होते. शहराला वाराणसी हे नाव अधिकृतपणे २४ मे १९५६ रोजी मिळाले. त्याआधीच्या इंग्रजी कागदपत्रांत बनारसमधील पहिल्या व शेवटच्या ‘अ’साठी इंग्रजी वर्णमालेतील पाचवे अक्षर आढळते, तर लखनौच्या ‘अ’साठी ‘यू’. इंग्रजी कानाने जे ऐकले ते इंग्रजी सवयीने लिहिले. यातून उभा राहणारा प्रश्न मात्र लिप्यंतराहून खोल आहे. ‘ऱ्हस्व’ आणि ‘दीर्घ’ हे शब्द सर्व भाषांत एकाच गोष्टीचे माप सांगतात काय?

या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि स्वच्छ उत्तर काशीच्या व्याकरणपरंपरेने शतकानुशतके जपले. ऱ्हस्वाला एक मात्रा, दीर्घाला दोन, प्लुताला तीन. कोंबड्याच्या आरवण्यातील क्रमाने लांबत जाणारा ‘उ’ हे त्याचे परंपरेने सांगितलेले उदाहरण. येथे मोजला जातो तो काळ. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन ज्या ‘परिभाषेन्दुशेखरा’त येते, त्याचे कर्ते नागेश भट्ट हे काशीत राहिलेले, काळे कुलातील महाराष्ट्रीय पंडित. पुढे या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील प्राध्यापक फ्रान्झ कीलहॉर्न यांनी केले, हा योगायोग मोठा सूचक आहे. परंतु काळाच्या या हिशेबाला एक अपवाद पाणिनीने स्वतःच नोंदविला. ‘अष्टाध्यायी’च्या अगदी शेवटच्या सूत्रात तो सांगतो, की शास्त्राच्या सोयीसाठी विवृत मानलेला ऱ्हस्व ‘अ’ प्रत्यक्ष बोलण्यात संवृत असतो. म्हणजे ‘अ’ लांबविला की ‘आ’ होतो, असे नाही. मुखाची ठेवणही बदलते. मात्रांचे शास्त्र रचणाऱ्यानेच मात्रा पुरेशी नाही, हे सांगून ग्रंथ संपविला.

इंग्रजीत नेमके हेच झाले, पण फार मोठ्या प्रमाणावर. शाळेत शिकवितात, की ‘मॅट’मधील स्वर ऱ्हस्व, ‘मेट’मधील दीर्घ, ‘बिट’मधील ऱ्हस्व, ‘बाइट’मधील दीर्घ, आणि शेवटचे मूक अक्षर ही दीर्घाची खूण. देवनागरीत वाढलेल्या मुलाला येथे ठेच लागते. ‘इ’ दीर्घ झाला तर ‘ई’ व्हावा, ‘आइ’ कसा होईल? चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकात, त्याची अपेक्षा खरी ठरली असती: ‘टाइम’मधील स्वर तेव्हा ‘ई’सारखा आणि ‘नेम’मधील ‘आ’सारखा होता, आणि आज मूक असलेले अक्षरही उच्चारले जाई. पुढच्या सुमारे तीन शतकांत इंग्रजीचे दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले. ऑटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये या घटनेला महास्वरांतर अशा अर्थाचे नाव दिले. कॅक्स्टनचा छापखाना वेस्टमिन्स्टरला १४७६ मध्ये सुरू झाला होता; लेखन हळूहळू स्थिरावले आणि उच्चार पुढे निघून गेला. आज ‘बॅड’मधला तथाकथित ऱ्हस्व स्वर ‘बीट’मधल्या दीर्घाहून अधिक वेळ घेऊ शकतो, कारण पुढच्या व्यंजनाचा घोष त्याला लांबवितो. इंग्रजीतील ‘दीर्घ’ ही बऱ्याच अंशी इतिहासाची आठवण आहे.

मराठीचा हिशेब तिसराच. मराठी बोलण्यात ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील अंतर बहुधा ऐकूच येत नाही. लेखनात स्वराची लांबी ठरते ती मुख्यतः शब्दातील स्थानावरून: ‘फूल’, पण ‘फुलाला’, ‘कवी’, पण ‘कविसंमेलन’. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी तत्सम इकारान्त शब्दही दीर्घान्त केले. हिंदीने मात्र ‘कवि’ ठेवला, आणि ‘फूल को’ लिहिताना मूळचा दीर्घही.

काशीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली. अशा घरातील मुलाचे या तीन हिशेबांत काय होते? शाळेच्या वहीत त्याने ‘कवी’ लिहिले तर खाली लाल रेघ येते. महाराष्ट्रातील आजोबांना पाठविलेल्या पत्रात ‘कवि’ लिहिले तर मुलगा मराठी विसरला, अशी हळहळ व्यक्त होते. बाबूराव विष्णु पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये याच शहरातील मराठी घरात झाला. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते, आणि हिंदीत ‘राष्ट्रपति’ हा शब्द रूढ केल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तोच शब्द मराठीत ‘राष्ट्रपती’ असा लिहावा लागतो. एका वेलांटीची दिशा बदलली म्हणून कोणाची भाषा परकी ठरत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला आपण निष्काळजीपणा म्हणतो, क्वचित संस्काराचा अभावही. पुष्कळदा ती चूक एका भाषेचे माप दुसरीला लावल्याने झालेली असते, आणि ते माप लावणारा आपल्या परीने नियमच पाळत असतो. संस्कृत काळ मोजते, इंग्रजी लेखन इतिहास सांभाळते, मराठी लेखन स्थान पाहते. शिक्षकाने लाल रेघ अवश्य ओढावी. पण तिच्याशेजारी येथे काय मोजले जात आहे, हेही एका ओळीत लिहावे. तेवढी ओळ मिळाली, तर तीन भाषांत वाढणारे मूल त्यांपैकी एकीलाही दुरावणार नाही.