सत्तावन्नची दिल्ली, कोणत्या तारखेची?

लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावर बसून मझहर अली खान या चित्रकाराने 1846 च्या नोव्हेंबरात चहूबाजूंची दिल्ली रंगवली. जवळजवळ पाच मीटर लांबीचं हे चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात दिसणारी किल्ल्यातली दाट वस्ती 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी बरीचशी पाडून तिथे बराकी बांधल्या. संगणकावर सत्तावन्नची दिल्ली उभारायला बसलो, की मी आधी हे चित्र उघडतो.

मापं मात्र कश्मीरी गेट देतं. 14 सप्टेंबर 1857 ला दारूच्या पिशव्या लावून इंग्रजांनी तो दरवाजा उडवला, पण कमानी आजही उभ्या आहेत. 1858 मध्ये छायाचित्रकार फेलिचे बिआतोने त्यांचा फोटो घेतला. आजच्या कमानी मोजून फोटोतल्या कडांशी जुळवल्या, की त्याचा कॅमेरा कुठे होता ते निघतं. मग नकाशात जागा ठाऊक असलेल्या, आता नाहीशा झालेल्या भिंतीचीही उंची त्याच फोटोतून काढता येते. या कामात मी तासन्‌तास रमतो.

अडतं ते माणसांपाशी. बिआतोच्या फोटोंत दिल्ली बहुतेक ओस दिसते. तेव्हा कॅमेऱ्यातली काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, चालती माणसं उमटत नसत. म्हणून मॉडेलमध्ये गर्दी आपण भरावी, असा आग्रह होतो. पण शहर जिंकल्यावर इंग्रजांनी रहिवाशांना वेशीबाहेर हाकललं होतं. हिंदूंना 1858 च्या सुरुवातीला परत येऊ दिलं, मुसलमानांना पुष्कळ उशिरा. ओस रस्त्यात कॅमेऱ्याची मर्यादा किती आणि ही हकालपट्टी किती, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. म्हणून 1858 च्या मॉडेलमध्ये मी बाजार भरवत नाही, कुणी कितीही म्हटलं तरी.

लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छतापाशी मराठी माणूस म्हणून माझा हात थबकतो. तिथली चांदी मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये फौजेच्या खर्चासाठी उतरवली, वितळवून रुपये पाडले. पानिपतच्या लढाईपूर्वी पाचेक महिने फौजेची किती ओढाताण होती, ते त्या उघड्या छतावरून समजतं. चकाकणारा दरबार बघणाऱ्यांना आवडतो, हे मला ठाऊक आहे. तो हवा असेल तर शाहजहानच्या काळाची वेगळी फाइल करून देईन. सत्तावन्नच्या छताला मी चांदी लावणार नाही.