ओझर : विघ्नहराच्या परिसरातील अभयदान

पुणे-नाशिक महामार्गावरील नारायणगावाहून आत वळले की द्राक्षबागा, टोमॅटोचे मळे आणि उंच उसाची शेते यांमधून रस्ता ओझरला पोहोचतो. अष्टविनायकांपैकी विघ्नहराचे हे स्थान कुकडी नदीच्या तीरावर, येडगाव धरणाच्या पाण्याजवळ वसले आहे. दगडी तटबंदी, पूर्वाभिमुख देवालय, दीपमाळा आणि सोनेरी शिखर असे त्याचे रूप आहे. १७३९ मधील वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी शिखर सोन्याने मढविले, अशी परंपरा सांगते. लेण्याद्रीही येथून जवळच असल्याने अनेक कुटुंबे दोन्ही स्थळांचे दर्शन एकाच दिवसात घेतात.

या वाटेवरचा ऊस मात्र प्रवाशांनी थोडा निरखून पाहावा. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी तालुका बागायती झाला आणि उसाची शेती वाढली. वर्षभराहून अधिक काळ दाट उभ्या राहणाऱ्या या पिकात बिबट्याने घर केले. त्याला तेथे आडोसा आहे, पाणी आहे आणि जवळच्या वस्तीत कुत्री, शेळ्या, वासरे आहेत. अनेक बछडे उसातच जन्म घेतात आणि तोडणीच्या वेळी मजुरांच्या दृष्टीस पडतात. तालुक्यातील माणसे या शेजाराने खरोखर भयभीत आहेत. सायंकाळी मुलांना अंगणात सोडताना आईचा जीव थाऱ्यावर नसतो आणि काही घरांनी आपली माणसे गमावली आहेत. त्या दुःखाला कमी लेखून प्राणिदयेचा विचार करता येणार नाही.

जुन्नर शहरापलीकडे माणिकडोह येथे वन विभागाचे बिबट निवारा केंद्र आहे. २००७ च्या सुमारास वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था तेथे वन विभागासोबत काम करू लागली. जखमी, सापळ्यात अडकलेले, विहिरीत पडलेले आणि पुन्हा जंगलात सोडता न येणारे बिबटे येथे आणले जातात. अशा प्राण्याला हाताळताना पहिला प्रश्न येतो तो त्याच्या भीतीचा. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या गजांवर धडका मारतो, गज चावून सुळे मोडून घेतो, कपाळ फोडून घेतो. पुष्कळदा सापळ्यापेक्षा भीतीच त्याला अधिक जखमा करते.

म्हणून प्राणिवैद्य त्याला फुंकनळीने किंवा बंदुकीने औषधाची सुई मारतात. केटामाइन आणि झायलॅझिन या औषधांचे मिश्रण यासाठी दीर्घकाळ वापरात आहे. पहिल्याने प्राण्याचे भान हरपते, दुसऱ्याने स्नायू सैल पडतात. सुई लागताच प्राणी कोसळतो, हा मात्र गैरसमज आहे. औषध चढण्यास काही मिनिटे लागतात आणि भोवती गोंगाट असेल तर घाबरलेला प्राणी तेवढ्यात धावत सुटतो. गुंगीतही त्याचे डोळे उघडे राहतात. ते कोरडे पडू नयेत म्हणून त्यांत मलम घालून वर कापड बांधतात. श्वास आणि तापमान सतत तपासावे लागते. काम संपल्यावर झायलॅझिनचा परिणाम उतरविणारे दुसरे औषध देतात. प्रवासात पिंजऱ्यावर कापड वा गोणपाट टाकतात. अंधार आणि शांतता हे औषधाचे दोन मदतनीस आहेत.

प्रवासाचे भय किती दूरवर पोहोचते, याचा धडा जुन्नरनेच दिला. २००१ ते २००३ या काळात येथील बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले, की त्यापूर्वी माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते मोहिमेच्या काळात १७ वर गेले. पकडले जाण्याचा ताण आणि अनोळखी मुलखात एकाएकी येऊन पडणे, ही त्यामागील संभाव्य कारणे संशोधकांनी मांडली. प्राण्याच्या भीतीकडे दुर्लक्ष केले, तर तिची किंमत माणसालाही मोजावी लागू शकते.

बिबट्याच्याच कुळातील मांजर अनेक दुकानांत आणि घरांत सुखाने नांदते. दवाखान्यात नेताना तीही ओरडते, लाळ गाळते, ओरबाडते आणि घरची माणसे तिला ‘खोडकर’ ठरवतात. वस्तुतः ती भ्यालेली असते. तिला गुंगीच्या सुईची गरज सहसा नसते. प्राणिवैद्य बहुधा गॅबापेंटिन हे औषध निघण्यापूर्वी सुमारे दोन तास द्यावयास सांगतात. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रीगॅबालिनचे एक द्रावण खास मांजरांच्या प्रवास-भयासाठी मान्य झाले. औषधाने काही तास झोप येते, चाल डळमळते, म्हणून तिला उंच जागी चढू देऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून ती वैद्यानेच ठरवावी. घरातील गोळी मनाने देऊ नये. माणसांची साधी पॅरासिटामॉलही मांजराचा जीव घेते. नेण्याची पेटी काही दिवस आधीच घरात उघडी ठेवावी, आत तिच्या वासाचे फडके घालावे आणि वाटेत वर चादर टाकावी.

जैन परंपरेने दानांमध्ये अभयदानाला श्रेष्ठ मानले आहे. जीव वाचविणे हा त्याचा सर्वपरिचित अर्थ होय. वाचविताना त्या जीवाचे भयही हलके करणे, हा त्याच अर्थाचा पुढचा भाग म्हणता येईल. ओझरच्या वाटेवर कधी झाकलेला पिंजरा नेणारी वन विभागाची गाडी दिसली, तर गाडी थांबवून छायाचित्रासाठी गर्दी करू नये, कापड उचलावयास सांगू नये. शांतपणे वाट द्यावी. आतल्या जीवाला त्या क्षणी तेवढेच देता येते.